बर्फाखालचे मैदान : कॅरोल हचिन्स यांची ३८ वर्षे

सॉफ्टबॉल मी शिकले ते जळगाव जिल्ह्यातील एका शाळेच्या मैदानावर. एप्रिल उजाडला की आमचे सर सकाळी सहाला सराव सुरू करीत आणि साडेआठच्या ठोक्याला थांबवीत, कारण त्यानंतर कॅनव्हासच्या बुटांतूनही जमिनीचा चटका बसे आणि उन्हात पडलेला स्लगर, म्हणजे सॉफ्टबॉलची बॅट, हातात धरवत नसे. खेळाला हवामान आडवे येते ते उन्हाच्या रूपानेच, अशी माझी समजूत होती. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिशिगन राज्यात राहायला आले आणि पहिल्याच फेब्रुवारीत, अ‍ॅन आर्बरला काही कामासाठी गेलेली असताना, मिशिगन विद्यापीठाचे सॉफ्टबॉलचे मैदान पाहावे म्हणून मुद्दाम वाट वाकडी केली. कुंपणापलीकडे गुडघाभर बर्फ होता. धावताना गाठायचे बेस कुठे, चेंडू टाकणारी पिचर उभी राहते ती जागा कुठे, काही कळायला मार्ग नव्हता. जवळून जाणाऱ्या एका विद्यार्थ्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला की हंगाम तर सुरू झाला आहे, संघ फ्लोरिडात खेळतो आहे, तुम्ही मार्चअखेर या.

हंगाम सुरू झालेला आहे आणि घरचे मैदान बर्फाखाली आहे, ही गोष्ट माझ्या डोक्यात बसायला वेळ लागला. त्या संघाच्या मुख्य प्रशिक्षक तेव्हा कॅरोल हचिन्स होत्या. मिशिगनात त्यांना सगळे नुसते ‘हच’ म्हणतात. त्या दिवसापासून त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेले, जमेल तेव्हा सामने पाहत गेले, आणि त्यांच्या कारकिर्दीवर सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

आकडे आधीच सांगून टाकते, म्हणजे ते पुढे वाटेत येणार नाहीत. २४ ऑगस्ट २०२२ रोजी हचिन्स यांची निवृत्ती जाहीर झाली तेव्हा त्यांच्या नावावर १,७०७ विजय, ५५५ पराभव आणि बरोबरीत सुटलेले ५ सामने होते. यांतील एक हंगाम फेरिस स्टेट या तुलनेने लहान महाविद्यालयातील होता. उरलेले ३८ मिशिगनमधील. चारातले तीन सामने जिंकायचे, आणि हे प्रमाण एक-दोन वर्षे नव्हे तर जवळजवळ चार दशके टिकवायचे, असा त्याचा अर्थ होतो. मिशिगनमध्ये त्यांचा एकही हंगाम असा गेला नाही की ज्यात पराभवांची संख्या विजयांहून अधिक भरली. अमेरिकी महाविद्यालयीन खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या इतिहासात, त्या निवृत्त झाल्या तेव्हा, सॉफ्टबॉलमध्ये त्यांच्याहून अधिक सामने जिंकलेला प्रशिक्षक नव्हता. बिग टेन या मुळात मध्य-पश्चिमेकडील विद्यापीठांच्या गटाची साखळी त्यांनी २२ वेळा जिंकली, आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात, म्हणजे ओक्लाहोमा सिटीला आठ संघांत होणाऱ्या महिला कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये, त्या १२ वेळा पोहोचल्या.

राष्ट्रीय विजेतेपद मात्र एकच, २००५ चे. अ‍ॅरिझोनाचे माइक कँड्रिया यांची आठ आहेत, ओक्लाहोमाच्या पॅटी गॅसो यांचीही २०२४ पर्यंत आठ झाली. त्यामुळे ‘सर्वाधिक विजय, पण विजेतेपद एकच’ हे वाक्य हचिन्स यांच्याविषयीच्या बहुतेक लेखनात कुठे ना कुठे येते, आणि त्यातला ‘पण’ मला दर वेळी खटकतो. त्या ‘पण’च्या मागे काय काय दडलेले आहे ते नीट पाहायचे, तर बर्फाकडेही जावे लागते आणि त्याआधी न्यायालयाकडेही.

हचिन्स यांचा जन्म १९५७ चा, मिशिगनची राजधानी असलेल्या लॅन्सिंगचा. शेजारच्याच ईस्ट लॅन्सिंगमधील मिशिगन स्टेट विद्यापीठात त्या शिकल्या आणि तिथे दोन खेळ खेळल्या : हिवाळ्यात बास्केटबॉल, वसंतात सॉफ्टबॉल. सॉफ्टबॉलमध्ये त्या शॉर्टस्टॉप होत्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या या जागेवर चेंडू सर्वांत जास्त येतात आणि विचार करायला वेळ सर्वांत कमी मिळतो. पुढे प्रशिक्षक झालेल्या खेळाडूंची मूळ जागा विचारली, तर शॉर्टस्टॉप किंवा कॅचर हे उत्तर फार वेळा मिळते, असे माझे आपले निरीक्षण आहे.

तो काळ महत्त्वाचा आहे. जून १९७२ मध्ये अमेरिकेत शिक्षणविषयक कायद्यातील ‘टायटल नाइन’ हे कलम मंजूर झाले. मूळ इंग्रजीत ते अवघ्या ३७ शब्दांचे आहे, आणि केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमात स्त्री किंवा पुरुष असल्याच्या कारणावरून कोणाला वगळता येणार नाही, एवढेच ते सांगते. त्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. विद्यापीठांच्या क्रीडा विभागांना आपण या कलमाच्या कक्षेत येतो हे पटायला बरीच वर्षे लागली, आणि ते पटवण्याचे काम बऱ्याच ठिकाणी खेळाडू मुलींनाच करावे लागले.

मिशिगन स्टेटमध्ये १९७८-७९ च्या हंगामात पुरुषांच्या बास्केटबॉल संघात ‘मॅजिक’ जॉन्सन हा विद्यार्थी खेळत होता. त्या संघाने मार्च १९७९ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि तो अंतिम सामना आजही अमेरिकेत आठवणीने सांगितला जातो. त्याच विद्यापीठात, त्याच हंगामात, तोच खेळ खेळणाऱ्या मुलींच्या संघाचा प्रवास, मुक्काम, जेवणाचा भत्ता, सरावाची सोय हे सारे कमी प्रतीचे होते. मुलींनी तक्रार केली, तिचा उपयोग झाला नाही, तेव्हा त्यांनी आपल्याच विद्यापीठाला न्यायालयात खेचले. ‘हचिन्स विरुद्ध मिशिगन स्टेट विद्यापीठाचे विश्वस्त मंडळ’ असे त्या खटल्याचे नाव आहे. १९७९ च्या सुरुवातीला न्यायालयाने विद्यापीठाविरुद्ध तात्पुरता आदेश दिला, आणि हंगाम संपण्यापूर्वीच मुलींच्या जेवणाच्या भत्त्यात आणि मुक्कामाच्या सोयीत फरक पडला. वादीच्या जागी जिचे नाव होते ती मुलगी तेव्हा एकवीस वर्षांची होती.

हे वाचताना मला आमचा एक प्रवास आठवतो, तो इथे सांगायला हरकत नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी आमचा मुलींचा संघ आणि मुलांचा संघ एकाच गाडीने निघाले होते. मुलांच्या संघाचे आरक्षण झालेले होते, आमचे झालेले नव्हते. आम्ही चौदा जणी सामानाच्या पिशव्यांवर, आळीपाळीने पाय लांब करीत, रात्रभर बसून गेलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सामना खेळलो. कारण विचारावे, असे आमच्यापैकी एकीच्याही मनात आले नाही. घरून निघताना आईने विचारले होते, “नीट सोय आहे ना गं?” आणि मी म्हटले होते, “पाठवताहेत हेच खूप आहे.” हचिन्स यांच्या खटल्याविषयी वाचल्यावर मला स्वतःचा रागबिग आला नाही, कारण आमच्या हाताशी ते ३७ शब्द नव्हते, परंतु ‘पाठवताहेत हेच खूप आहे’ हे वाक्य १९७० च्या दशकातल्या ईस्ट लॅन्सिंगमध्येही कितीतरी जणींच्या तोंडी असणार, आणि तरीही त्यातल्या काही जणींनी वकील गाठला, याचे मोल मला त्या रात्रीमुळे अधिक कळले.

पदवीनंतर हचिन्स इंडियाना विद्यापीठात गेल्या, १९८१ मध्ये त्यांनी पदव्युत्तर शिक्षण पुरे केले आणि शिकता शिकता तिथल्या संघाच्या साहाय्यक प्रशिक्षक म्हणून कामही केले. १९८२ चा एक हंगाम त्या फेरिस स्टेटच्या मुख्य प्रशिक्षक होत्या. त्यानंतर त्यांनी जे केले ते वरकरणी माघारीसारखे दिसते : मुख्य प्रशिक्षकपद सोडून मिशिगन विद्यापीठात, बॉब डी कॅरोलिस यांच्या हाताखाली, साहाय्यक म्हणून रुजू झाल्या. मिशिगन आणि मिशिगन स्टेट ही नावे सारखी वाटली तरी त्यांच्यातील वैर इतके जुने आहे की इथल्या घराघरांत नवरा एका बाजूला आणि बायको दुसऱ्या बाजूला अशी फाळणी झालेली आढळते. आमच्या गणेशोत्सवातसुद्धा मिशिगनचे निळे सदरे आणि मिशिगन स्टेटचे हिरवे सदरे घालून मुले एकमेकांना चिडवत असतात. हिरव्या बाजूची माजी शॉर्टस्टॉप निळ्या बाजूला आली आणि तिथेच निवृत्त झाली. १९८५ च्या हंगामापासून त्या मिशिगनच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. त्या वेळी त्या विद्यापीठात सॉफ्टबॉलला अधिकृत संघाचा दर्जा मिळून सातच वर्षे झाली होती.

इथून पुढच्या सात वर्षांत सांगण्यासारखी एकही ट्रॉफी नाही. बिग टेनची साखळी त्यांनी पहिल्यांदा जिंकली ती १९९२ मध्ये, आठव्या हंगामात. ओक्लाहोमा सिटीला पहिल्यांदा पोहोचल्या त्या १९९५ मध्ये, अकराव्या हंगामात. हल्ली एखाद्या प्रशिक्षकाला अकरा वर्षे थांबू देणारे विद्यापीठ सापडणे कठीण आहे. महिलांच्या खेळात तेव्हा पैसाच इतका कमी गुंतलेला होता की कोणाला हकालपट्टीची घाईही नव्हती, हे त्यामागचे एक कारण असावे. उपेक्षेचा असाही एक फायदा असतो, जरी तो मिरवण्यासारखा नसला.

आता बर्फ. अमेरिकेतील महाविद्यालयीन सॉफ्टबॉलचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो आणि मे अखेरीस किंवा जूनच्या आरंभी संपतो. कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा या राज्यांत तेव्हा खेळायला उत्तम हवा असते. तिथल्या मुली तर लहानपणापासून बाराही महिने उघड्यावर खेळलेल्या असतात. मिशिगनच्या संघाला मात्र जानेवारी-फेब्रुवारीत छताखाली, ऊस्टरबान फील्डहाउस नावाच्या मोठ्या बंदिस्त जागेत, कृत्रिम गवतावर सराव करावा लागतो. जमिनीवरून येणारा चेंडू कृत्रिम गवतावर एका ठरावीक तऱ्हेने उसळतो, खऱ्या मातीवर त्याला स्वतःची मर्जी असते. छताखाली उंच उडालेला चेंडू, वारा आणि सूर्य डोळ्यांवर घेऊन झेलण्याची सवयही लागत नाही. मग सुरुवातीचे पाच-सहा आठवडे संघ दर गुरुवारी विमानाने दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे जातो, तीन दिवसांत चार-पाच सामने खेळतो, रविवारी रात्री परततो आणि सोमवारी मुली वर्गात बसतात. देशातील बलाढ्य संघांशी त्यांच्या अंगणात, त्यांच्या हवेत, स्वतः एकदाही मोकळ्या मैदानावर सराव न करता खेळायचे, अशी ही दरवर्षीची सुरुवात असते.

त्याचा परिणाम विजेत्यांच्या यादीत स्पष्ट दिसतो. एनसीएएने महिला सॉफ्टबॉलची राष्ट्रीय स्पर्धा १९८२ मध्ये सुरू केली. तेव्हापासून २००४ पर्यंतची सगळी विजेतेपदे मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडे गेली : यूसीएलए (लॉस एंजेलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ), अ‍ॅरिझोना, टेक्सास ए अँड एम, कॅल स्टेट फुलर्टन, फ्रेस्नो स्टेट, ओक्लाहोमा, कॅलिफोर्निया, आणि पुन्हा यूसीएलए. मैदानी खेळात भूगोल किती निष्ठूर असू शकतो, याचे याहून ढळढळीत उदाहरण मला ठाऊक नाही.

बर्फावर इलाज नसताना हचिन्स यांनी काय केले, याविषयी माझा एक तर्क आहे, आणि तो अर्थात प्रेक्षकांच्या बाकावरून केलेला तर्क आहे. सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमधले अंतर ६० फूट असते आणि महाविद्यालयीन महिला सामन्यांत पिचर ४३ फुटांवरून चेंडू टाकते. हे मैदान इतके आखडलेले आहे की चपळ फलंदाज चेंडू मारल्यावर तीन सेकंदांच्या आत पहिल्या बेसवर पोहोचते. त्या अवधीत क्षेत्ररक्षकाने चेंडूपर्यंत जाणे, तो उचलणे, ग्लोव्हमधून उघड्या हातात घेणे आणि फेकणे हे सारे आटोपले पाहिजे. चेंडू हातात एकदा जरी चाळवला, तरी धावपटू सुखरूप. आता ही चार कामे छताखालीही शेकडो वेळा करता येतात, किंबहुना छताखाली दुसरे फारसे करण्यासारखे नसतेच. मिशिगनचे संघ मी पाहू लागले तेव्हा मला सर्वांत आधी जाणवले ते त्यांचे हात : कोणीही घाईत नाही आणि कोणालाही उशीर होत नाही. आमचे सर याला ‘चेंडू बोलावून घेणे’ म्हणत. कैदेत काढलेल्या हिवाळ्याचा हा उपयोग करून घेतलेला असणार, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट साहाय्यकांची. बॉनी थॉल या १९८८ ते १९९१ या काळात हचिन्स यांच्याच हाताखाली खेळल्या आणि १९९४ पासून त्यांच्या साहाय्यक झाल्या. हचिन्स निवृत्त होईपर्यंत त्या तिथेच होत्या. जेनिफर ब्रंडेज १९९९ मध्ये आल्या. त्या यूसीएलएच्या माजी खेळाडू आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमधील सुवर्णपदकविजेत्या अमेरिकी संघातल्या. दर दोन वर्षांनी साहाय्यक बदलणाऱ्या या व्यवसायात इतका काळ एकत्र राहिलेला चमू विरळाच.

२००५ चा हंगाम मिशिगनने ६५ विजय आणि ७ पराभव असा संपवला. अंतिम फेरीत समोर यूसीएलए होते, मागच्या सलग दोन वर्षांचे विजेते. म्हणजे ब्रंडेजबाई आपल्याच जुन्या विद्यापीठाविरुद्ध निळ्या बाजूच्या डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकाठच्या संघाच्या बैठकीत, बसल्या होत्या. त्याच वर्षी अंतिम फेरीचे स्वरूप बदलून तीनपैकी दोन सामने जिंकणारा विजेता असा नियम झाला होता, आणि त्याचा लाभ कोणाला झाला असेल तर मिशिगनला, कारण पहिला सामना यूसीएलएने ५-० असा सहज जिंकला. दुसरा मिशिगनने ५-२ असा घेतला. तिसरा ८ जूनला झाला.

त्या तिसऱ्या सामन्याचे चित्रण मी अनेकदा पाहिले आहे. ठरलेल्या सात इनिंग, म्हणजे दोन्ही संघांच्या आळीपाळीच्या डावांच्या सात फेऱ्या, संपल्या तेव्हा धावसंख्या १-१ होती, म्हणून खेळ पुढे चालू राहिला. आठवी गेली, नववी गेली. मिशिगनकडून जेनी रिटर पिचिंग करीत होती. ती डेक्स्टरची, म्हणजे विद्यापीठाच्या मैदानापासून गाडीने वीस मिनिटांवर असलेल्या गावची मुलगी. दहाव्या इनिंगमध्ये मिशिगनच्या दोघी बेसवर असताना पहिल्या वर्षाला असलेली समॅन्था फिंडले फलंदाजीला आली आणि तिने चेंडू कुंपणापलीकडे धाडला, म्हणजे तिघींच्या तीन धावा. ४-१. रिटरने त्या इनिंगमधला यूसीएलएचा डाव संपवला. बारा महिने ऊन असलेल्या संघाला जिने रोखून धरले तीही थंडीतली आणि जिने हरवले तीही थंडीतली (फिंडले इलिनॉयची), याची मिशिगनच्या लोकांना अजून गंमत वाटते. सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान फिंडलेला मिळाला.

दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत एकच मुद्दा सर्वत्र होता : मिसिसिपीच्या पूर्वेकडील संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवण्याची ही पहिलीच वेळ. हे विधान एनसीएएपुरते अगदी बरोबर आहे. परंतु एनसीएएने १९८० च्या दशकाच्या आरंभी महिलांचे खेळ हाती घेण्यापूर्वी ते एआयएडब्ल्यू ही महिलांची स्वतंत्र संघटना चालवीत असे, आणि तिच्या काळात नेब्रास्कातील ओमाहा शहरी भरणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेत १९७६ साली मिशिगन स्टेट विजेते ठरले होते. ईस्ट लॅन्सिंग मिसिसिपीच्या पूर्वेलाच आहे. त्या संघाची शॉर्टस्टॉप कॅरोल हचिन्स होती. म्हणजे पूर्वेचे पहिले विजेतेपद २००५ मध्ये प्रशिक्षक म्हणून आणि त्याआधी २९ वर्षे खेळाडू म्हणून, असे दोन्ही वेळा त्यांच्याच वाट्याला आले; फक्त पहिल्या वेळी तो खेळ पुरेसा मोजण्यासारखा आहे असे मोजणाऱ्यांना वाटत नव्हते. ‘विजेतेपद एकच’ म्हणणाऱ्यांनी ही एक नोंद तरी लक्षात घ्यावी, असे मला वाटते.

त्यानंतर पुन्हा विजेतेपद आले नाही. २०१५ मध्ये ते अगदी हाताशी आले होते : फ्लोरिडाविरुद्धच्या अंतिम फेरीत पहिला सामना ३-२ असा गमावला, दुसरा १-० असा जिंकला आणि तिसरा ४-१ असा गमावला. त्या संघातील सिएरा रोमेरो ही कॅलिफोर्नियाची मुलगी. पुढच्या वर्षी ती देशातील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडू ठरली. ऊन सोडून बर्फात खेळायला येणाऱ्या मुली मिळू लागल्या होत्या, हे मला त्या हुकलेल्या विजेतेपदाहून मोठे वाटते.

२०१६ मध्ये हचिन्स यांनी १,४५८ वा विजय मिळवून मार्गी राइट यांचा विक्रम मागे टाकला. फ्रेस्नो स्टेटच्या या राइटबाईंनीही आपल्या खेळाडू मुलींना समान वागणूक मिळावी म्हणून आपल्याच विद्यापीठाशी दीर्घ झगडा केलेला आहे. विजयांच्या यादीत तेव्हा वरच्या दोन जागांवर असलेल्या दोघीही अशा भांडखोर निघाव्यात, हा योगायोग नसावा. त्यांच्या पिढीतील प्रशिक्षकाला आधी मैदान मिळवावे लागे, मग पगार, मग विमानाचे तिकीट; या सगळ्याची मागणी करता करता जिचा घसा बसला नाही ती खेळात टिकली.

या संदर्भात हचिन्स एका उफराट्या गोष्टीविषयी वर्षानुवर्षे बोलत आल्या आहेत. १९७२ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला संघांच्या प्रशिक्षकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. टायटल नाइन आले, मुलींचे संघ वाढले, पगार वाढले, आणि स्त्री प्रशिक्षकांचे प्रमाण निम्म्याच्याही खाली गेले. बिनपैशाचे काम होते तोवर ते बायकांचे होते. त्याला किंमत आल्यावर त्यासाठी पुरुषांच्या रांगा लागल्या, आणि नेमणुका करणारेही बहुतेक पुरुषच होते. कायद्याने खेळाडू मुलींना दार उघडून दिले, पण प्रशिक्षक बायकांना त्याच दारातून हळूहळू बाहेर जावे लागले. शेतात निंदणी-खुरपणी बायकांकडे आणि बाजारात जाऊन हिशेब करणे पुरुषांकडे, हे पाहत वाढलेल्या माझ्यासारखीला यात नवल वाटले नाही. हचिन्स यांनी आपल्यापुरते उत्तर दिले ते नेमणुकांतून : त्यांनी घडवलेल्या आणि जवळ केलेल्या स्त्रियाच त्यांच्या बाजूला उभ्या राहिल्या, आणि त्या निवृत्त झाल्यावर विद्यापीठाने बॉनी थॉल यांनाच मुख्य प्रशिक्षक नेमले.

निवृत्तीचे वर्ष २०२२, म्हणजे टायटल नाइनचे पन्नासावे वर्ष. त्यांनी हे वर्ष मुद्दाम निवडले की ते तसे जुळून आले, हे त्याच जाणोत. निरोपाचा सोहळा म्हणावा असा हंगाम मात्र त्यांनी करू दिला नाही. एखादा मोठा प्रशिक्षक आधीपासून जाहीर करतो, मग गावोगावच्या मैदानांवर त्याला भेटवस्तू मिळतात, शेवटच्या घरच्या सामन्याला लोक उभे राहून टाळ्या वाजवतात; यातले काही झाले नाही. वसंतात संघ नेहमीसारखा खेळला, मे महिन्यात राष्ट्रीय स्पर्धेच्या सुरुवातीच्या फेरीतच बाहेर पडला, आणि ऑगस्टमध्ये, मैदान रिकामे असताना, बातमी आली.

त्या वसंतात मी एका घरच्या सामन्याला गेले होते. एप्रिल होता, तरी वारा असा बोचरा होता की थर्मासमधला चहा ओतेपर्यंत निवत होता. आठ धावांची आघाडी असली तर पाच इनिंगनंतरच सामना थांबवतात, या नियमाची मी मनातल्या मनात वाट पाहत होते. आघाडी तेवढी झाली नाही. खाली डगआउटच्या कठड्याला टेकून हचिन्स उभ्या होत्या, डोक्यावर टोपी, अंगात जाड जाकीट, आणि नजर पूर्ण वेळ शॉर्टस्टॉपकडे. पाचवी इनिंग संपताच मी पांघरूण गुंडाळले आणि उरलेला सामना उद्या निकालात वाचू म्हणून गाडीकडे निघाले.